चालत नाही, थांबत नाही

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या देवळीत ड्रिल, ग्राइंडर, कटर किंवा हॅमर बंद पडलं की ते दुरुस्तीच्या टेबलावर निदान सोबत घेऊनच येतं : "भाऊ, बटन गेलं वाटते." एमआयडीसीतला फॅब्रिकेशनवाला हेच म्हणतो, यवतमाळ रोडवरचा टायरवाला त्याच्या गनबद्दल हेच म्हणतो आणि फवारणी अर्धी टाकून पंप पाठीवर तसाच घेऊन आलेला शेतकरीही हेच म्हणतो. बोटाखाली जे असतं त्याच्यावर पहिला आळ येतो. या टेबलामागे मी बरीच वर्षं काढली आहेत. बिचाऱ्या बटनावर आलेला आळ खोटा निघाल्याचं इतक्यांदा पाहिलं आहे, की आता कुणी नवा स्विच विकत घेऊनच आला तर मी तो आधी बाजूला ठेवायला सांगतो.

मराठीत बंदुकीच्या या भागाला चाप म्हणतात. ड्रिलच्या बाबतीत मात्र तो शब्द कुणाच्या तोंडी नाही. आपल्याकडे 'बटन', वर्ध्याच्या दुकानात 'स्विच' आणि पुड्यावर 'ट्रिगर'. नाव काही असो, त्याच्या तक्रारी दोनच. दाबला तरी चालत नाही, किंवा सोडला तरी थांबत नाही. पहिली तक्रार आली की माणूस त्याच दिवशी धावत येतो, कारण काम अडतं. दुसरी असली तर तेच मशीन महिनोन्‌महिने वापरात राहतं, कारण काम होत असतं. या लेखात दोन्हींचा आढावा घ्यायचा आहे, पण माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो : घाई दुसऱ्या तक्रारीची करायला हवी. पहिलीत पैसा जातो, दुसरीत बोट जातं.

आधी हा ट्रिगर आला कुठून ते पाहू. हातात धरायचं विजेचं ड्रिल जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ साली बनवलं. ते चालायचं, पण धरायला अवघड होतं. आज आपण ज्याला ड्रिलचा आकार म्हणतो, म्हणजे पिस्तुलासारखी मूठ आणि तर्जनीखाली स्विच, तो अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या ब्लॅक आणि डेकर या जोडीने आणला आणि त्याचं पेटंट त्यांना १९१७ साली मिळालं. त्या एका बदलाने चालू करणं आणि धरणं ही दोन कामं एका हातात आली. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हात सुटला की यंत्र बंद, हा नियम यंत्राच्या आकारातच आला. महाराष्ट्रात मुलुंडच्या रॅलीवुल्फने आणि नंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या कुलकर्णी पॉवर टूल्सने ही यंत्रं बनवली. जुन्या कारखान्यांतून त्यांची जड, धातूच्या अंगाची ड्रिलं अजूनही दुरुस्तीला येतात. त्यांचे स्विच उघडता येतात, घासता येतात, परत बसवता येतात. आताचे बहुतेक स्विच बंद डबीत येतात.

आता आळ खोटा का ठरतो ते पाहू. वायरच्या मशीनमध्ये वीज भिंतीतल्या सॉकेटातून टॉपमध्ये (प्लगमध्ये), टॉपमधून केबलमध्ये, केबलमधून स्विचमध्ये, तिथून फिल्डच्या गुंडाळीत, मग एका कार्बनमधून आर्मेचरवर आणि दुसऱ्या कार्बनमधून परत, अशी फिरते. या साखळीत कुठेही तुटलं तरी बोटाला एकच गोष्ट कळते : दाबलं, चाललं नाही. म्हणून मी टोकापासून सुरुवात करतो. सॉकेट दुसऱ्या यंत्राने तपासायचं. मग केबल. केबल मधोमध क्वचितच तुटते. ती तुटते मुठीत शिरते त्या जागी, रबरी नळीच्या आत, जिथे ती रोज वाकते. वरचं आवरण शाबूत असतं, आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटलेले असतात. ट्रिगर दाबून धरायचा आणि केबल त्या जागी हळूच हलवायची. मध्येच चाललं, मध्येच बंद पडलं, तर स्विच निर्दोष. तिथून दोन बोटं केबल कापून पुन्हा जोडली की झालं.

त्यानंतर कार्बन. एकदा एका सुताराचं ड्रिल आलं होतं. चालता चालता पटकन बंद पडलं, ठिणगी नाही, वास नाही, आवाज नाही. त्याने वर्ध्याहून नवा स्विच आणलेला, दोन माणसांना दाखवून झालेलं. मी मागची टोपणं काढली. कार्बन झिजून तोकडा झाला होता आणि त्याच्या पोटातून एक बारीक पिन बाहेर आली होती. काही कंपन्या कार्बनमध्येच ही सोय करतात : कार्बन ठरावीक लांबीपर्यंत झिजला की आतल्या स्प्रिंगने इन्सुलेटेड पिन बाहेर ढकलली जाते आणि कार्बन कम्युटेटरवरून उचलला जातो, म्हणजे आर्मेचर खराब व्हायच्या आत मशीन थांबतं. यंत्राने स्वतःला वाचवलं होतं आणि आपण स्विच बदलायला निघालो होतो. कार्बन पाच-सहा मिलिमीटरच्या आत आला की बदलायचा, आणि बदलताना जोडीच बदलायची. मशीन थापटलं की चालतं किंवा चक हाताने जरा फिरवला की चालतं, अशी लक्षणं असतील तर कार्बन किंवा आर्मेचरकडे जायचं, ट्रिगरकडे नाही.

एवढं करूनही चालत नसेल तर स्विचची पाळी. टॉप सॉकेटातून काढायचा, मल्टिमीटर रोधावर ठेवायचा, टॉपच्या दोन पिनांना लावायचा आणि ट्रिगर पूर्ण दाबायचा. काही ओहम ते काही दहा ओहम दिसले तर साखळी जोडलेली आहे. यात एक मेख आहे आणि नवीन पोरं तिथे हमखास फसतात. कमी-जास्त वेगाच्या ट्रिगरमध्ये ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक भाग असतो. मल्टिमीटरच्या इवल्याशा बॅटरीने तो उघडत नाही, म्हणून चांगला स्विचही 'तुटलेला' दिसतो. तो पारखायला जुना सिरीज बल्बच बरा. शंभर वॅटचा पिवळा बल्ब मशीनसोबत एका रांगेत लावायचा. बल्ब अर्धवट पेटून मशीन कण्हलं तर साखळी ठीक, बल्ब झगझगीत पेटला तर आत शॉर्ट, पेटलाच नाही तर तुटलेलं. हे करताना मशीन बाकावर पक्कं धरलेलं हवं, हात मेटलपासून दूर हवा आणि लाइनला तीस मिलिअँपियरचा ब्रेकर हवा. तो नसेल तर हा प्रयोग करूच नका.

वेगाच्या ट्रिगरची लक्षणं वाचता आली तर उघडायच्या आधीच दोष कळतो. थोडं दाबलं तर काहीच नाही, पूर्ण दाबलं की एकदम पूर्ण वेग, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग गेला पण संपर्क शाबूत आहेत. अनेक ट्रिगरमध्ये शेवटपर्यंत दाबल्यावर थेट जोडणारा वेगळा संपर्क असतो. पहिल्याच दाबात पूर्ण वेग, म्हणजे ट्रायॅक शॉर्ट. वेग धक्के देत वर-खाली, म्हणजे आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली किंवा पट्टी झिजली. उलट-सुलट फिरवण्याची खुंटी मधोमध राहिली तर कित्येक मशीनमध्ये ट्रिगर दाबलाच जात नाही. हे ऐकून लोक लाजतात, पण लाजण्यासारखं त्यात काही नाही, माझंही झालं आहे. मशीन फिरत असताना ती खुंटी उलटवण्याची सवय मात्र सोडायला हवी. प्रत्येक वेळी आतले संपर्क थोडे जळतात.

जळालेला स्विच उघडून पाहिला आहे का? पांढऱ्या कागदावर, उजेडात उघडावा, कारण तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग उडून गेली की परत सापडत नाही. आत दोन टिकल्या समोरासमोर असतात, चांदीच्या मिश्रधातूच्या. निरोगी टिकलीवर राखाडी, मऊ डाग असतो. आजारी टिकलीवर खड्डा आणि समोरच्या टिकलीवर टेकाड. एकीचा धातू वितळून दुसरीवर गेलेला. ट्रिगर सोडताना दोन टिकल्यांमध्ये क्षणभर ठिणगीची कमान उभी राहते, तिनेच हे होतं. भोवती काजळी आणि आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ यांचा लेप. जिनिंगमध्ये वापरलेलं ग्राइंडर असेल तर त्यात रुईचे तंतूही. पातळ पॉलिश पेपरने टिकल्या घासल्या की मशीन चालतं, पण चांदीचा थर गेला की पुढचे काही आठवडेच. हंगामात माणूस अडला असेल तर मी घासून देतो आणि सांगून देतो की हे तात्पुरतं आहे. स्विचमध्ये गंज काढायचा स्प्रे मारून आणलेली मशीनं मात्र मला दुःख देतात. दोन दिवस चालतात, मग त्या तेलावर धूळ चिकटून आधीपेक्षा वाईट अवस्था होते.

बॅटरीच्या मशीनची गोष्ट वेगळी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. ८५० वॅटचं ग्राइंडर २३० व्होल्टवर चार अँपियरच्या आत करंट घेतं. १८ व्होल्टचं बॅटरी ड्रिल स्क्रू अडला की वीस, तीस, त्याहून जास्त अँपियर ओढतं. वर ही डीसी. घरातल्या एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. डीसीला तो शून्य नाही, ठिणगी लांबते. म्हणून साध्या बॅटरी ड्रिलमध्ये हा भार मॉस्फेट नावाचा भाग उचलतो. त्याला थंड ठेवायला मोटरच्या जवळ एक अॅल्युमिनियमची पट्टी असते, तिच्यावर तो बसवलेला असतो. तो जळताना बहुतेकदा शॉर्ट होऊन जळतो. मग ट्रिगर जरासा दाबला की पूर्ण वेग, हळू चालणं संपलं. अशा ट्रिगरमध्ये आणखी एक संपर्क असतो जो सोडल्यावर मोटरच्या दोन तारा एकमेकींना जोडतो. त्यामुळे चक झटक्यात थांबतो. बॅटरी ड्रिल सोडल्यावर घरंगळत राहायला लागलं, तर तो ब्रेकचा संपर्क गेला आहे. वायरच्या ड्रिलने घरंगळणं नेहमीचं, बॅटरीच्या ड्रिलने घरंगळणं ही सूचना. ब्रशलेस, म्हणजे कार्बन नसलेल्या, मशीनमध्ये ट्रिगर फक्त निरोप देतो, करंट सगळा बोर्डावरून जातो. तिथे 'बटन' बदलून सहसा काही साधत नाही.

आणि मे महिना. पत्र्यावर बसून स्क्रू मारणारी पोरं बॅटरी तिथेच उन्हात ठेवतात. आपल्याकडे सावलीतच पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्यावर काय होत असेल ते हात ठेवून पाहा. पॅकमधलं संरक्षण तापमान पाहून करंट तोडतं, मशीन गप्प होतं, आणि मग "बटन दाबून राहिलो, चालूनच नाही राहिली". ओल्या गोणपाटाखाली नव्हे, नुसती सावलीत अर्धा तास ठेवा. तिचं तीच ठीक होते.

हवेच्या यंत्रांकडे वळतो. यवतमाळ रोड आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ झाला आहे, ट्रक वाढले आहेत आणि टायरच्या दुकानांत इम्पॅक्ट गन आली आहे. पान्यावर उभं राहून उड्या मारण्याचे दिवस गेले, हे फार चांगलं झालं. या गनमध्ये वीज नाही, त्यामुळे स्विचही नाही. लिव्हर एका पिनेला ढकलते, पिन व्हॉल्व्हला त्याच्या बैठकीवरून उचलते, हवा आत जाते. सोडलं की स्प्रिंग आणि लाइनमधली हवा मिळून व्हॉल्व्ह परत बसवतात. इतकं साधं आहे. बिघाडही साधे आहेत, फक्त ते ऐकून ओळखायचे असतात. ट्रिगर न दाबता हवा बाहेर सोडायच्या भोकातून फुसफुसत असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचरा आहे किंवा बैठक चिरली आहे. लिव्हरच्या पिनेपाशी फुसफुस असेल तर पिनेची ओ-रिंग गेली. मुठीच्या खाली असेल तर कनेक्टर. कानाने कळलं नाही तर साबणाचा फेस लावा, बुडबुडा जागा दाखवतो.

"दाबलं तर गन रडते" ही मात्र सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि यात ट्रिगरचा हात क्वचितच असतो. या गना ९० पीएसआयवर, म्हणजे सव्वासहा बारच्या आसपास, चालवण्यासाठी बनवलेल्या असतात. हा दाब टाकीवर नव्हे, गनच्या तोंडाशी आणि तोही गन चालू असताना हवा. टाकीचा काटा १२० दाखवत असतो, पण मध्ये पंधरा मीटर बारीक नळी आणि चार कनेक्टर असतात. गनच्या अगदी जवळ गेज लावा, ट्रिगर दाबा, आणि काटा कुठे पडतो ते पाहा. साठच्या खाली गेला तर गन उघडण्यात अर्थ नाही. तेही ठीक असेल तर हवा शिरते तिथला निपल काढा. त्याच्या आत पैशाच्या अर्ध्या आकाराची बारीक जाळी असते. ती गंजाने आणि टेफ्लॉन टेपच्या तुकड्यांनी भरलेली असते. कित्येकांना ती जाळी आहे हेच माहीत नसतं. ती धुतली की गन नव्यासारखी चालते.

गंज येतो कुठून? पाण्यातून. तीस अंशाला दमट हवेचा एक घनमीटर जास्तीत जास्त तीस ग्रॅम पाणी धरतो. कॉम्प्रेसरने ती हवा दाबून एक-अष्टमांश केली आणि ती पुन्हा तीस अंशावर आली, तर तिच्यात आठवा हिस्सा पाणी राहतं, बाकी सव्वीस ग्रॅम टाकीत पडतं. ऑगस्टमधल्या एका दिवसात किती घनमीटर हवा दाबली जाते याचा हिशेब करा. म्हणून रोज संध्याकाळी टाकीच्या तळाचा कॉक उघडून पाणी काढायचं, लाइनला फिल्टर लावायचा आणि सकाळी निपलमध्ये एअर टूलच्या तेलाचे चार थेंब टाकायचे. ग्रीस नको, ती जाळीत आणि पात्यांत अडकते. डिझेल तर मुळीच नको. गन पेट्रोलने धुण्याची पद्धतही मोडायला हवी. बऱ्याच रबरी ओ-रिंगा त्यात फुगतात आणि पिन जागीच अडकते, म्हणजे चालत नाही या तक्रारीवर उपाय करता करता थांबत नाही ही तक्रार आपण स्वतः तयार करतो.

सोफ्याच्या दुकानातली पिन गन याच घराण्यातली. खिळ्याच्या गनचे ट्रिगर दोन प्रकारचे असतात. एकात टोक दाबल्यावर प्रत्येक खिळ्यासाठी ट्रिगर सोडून पुन्हा दाबावा लागतो. दुसऱ्यात ट्रिगर दाबूनच ठेवायचा आणि टोक टेकेल तिथे खिळा सुटतो. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शिकेनुसार दुसऱ्या प्रकारात इजेचा धोका दुप्पट आहे. नवीन घेणार असाल तर पहिला प्रकार मागून घ्या.

आता फवारणी पंप. याला कुणी 'टूल' म्हणणार नाही, पण देवळी तालुक्यात सगळ्यात जास्त दाबला जाणारा ट्रिगर हाच आहे. बॅटरी पंपाच्या लान्सच्या, म्हणजे फवारणीच्या दांडीच्या, मुठीत जो ट्रिगर असतो, त्याची रचना टायरवाल्याच्या गनसारखीच : पिन, स्प्रिंग, ओ-रिंग, बैठक. पंपात एक प्रेशर स्विच असतो. ट्रिगर सोडला की नळीत दाब वाढतो आणि मोटर आपोआप थांबते. ट्रिगर बंद असताना पंप थोड्या थोड्या वेळाने 'टक-टक' करून चालू होत असेल, तर दाब कुठून तरी निसटतो आहे. लोक बॅटरी बदलतात, मोटर बदलतात. दोष असतो मुठीतल्या दोन रुपयांच्या ओ-रिंगेत किंवा नळीच्या जोडात. मुठीत एक जाळी असते, तीही चोंदते.

ही गळती मला इतर कुठल्याही बिघाडापेक्षा जास्त अस्वस्थ करते. गनमधून हवा गळते, इथे औषध गळतं, मनगटावरून कोपरापर्यंत. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोक दवाखान्यात गेले. त्यामागची कारणं अनेक होती. उंच वाढलेली पऱ्हाटी होती, औषधांची मिश्रणं होती, तोंड-हात झाकायला काही नव्हतं. पण गळक्या ट्रिगरने हात भिजलेला ठेवणं हे आपण टाळू शकतो अशांपैकी एक कारण आहे. जूनमध्ये, औषध भरायच्या आधी, पंपात साधं पाणी भरून दहा मिनिटं चालवा, ट्रिगर सोडा, मूठ कोरड्या कापडाने पुसा आणि पाच मिनिटांनी ते कापड पाहा. ओलं असेल तर ओ-रिंग बदला. चोंदलेला नोझल तोंडाने फुंकू नका.

आता दुसरी तक्रार. थांबत नाही.

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. तिच्या कडेचा वेग सेकंदाला सत्तावन्न मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. हे यंत्र सोडल्यावर थांबलं नाही तर काय, हे शब्दांत सांगायची गरज नाही. तरी सरकत्या स्विचचं ग्राइंडर "मागे जरा जोरात ढकलावं लागते" म्हणून वर्षभर वापरलं जातं. त्या स्विचची रचना पाहा : पुढे अंगठ्याखाली सरकपट्टी, मागे स्विच आणि मध्ये प्लॅस्टिकची लांब दांडी. दांडीच्या खाचेत लोखंडाची पूड बसते, स्प्रिंगला ती मागे ओढता येत नाही. टॉप काढून, चष्मा लावून, हवेने आतून झाडलं तर बऱ्याच वेळा प्रश्न सुटतो. दांडीचा आकडा तुटला असेल तर दांडी नवीन. टिकल्या वितळून चिकटल्या असतील तर स्विच नवीन, तिथे घासणं नाही.

मी स्वतः एकदा असं ग्राइंडर 'आजचा दिवस' म्हणून वापरलं होतं. दुपारी वीज गेली. मी ते बाकावर ठेवलं, चहाला गेलो. सरकपट्टी पुढेच राहिली होती, अडकलेली. वीज आली तेव्हा ग्राइंडर बाकावरून स्वतःच्या वेगाने निघालं, केबलभोवती गुंडाळत जमिनीवर आदळलं आणि चकतीचे तुकडे भिंतीला लागले. खोलीत कुणी नव्हतं. शेजारचा पोरगा, जो रोज तिथे येऊन बसायचा, तो त्या दिवशी शाळेत होता. त्या दिवसापासून वीज गेली की टॉप काढायचा, हा माझा नियम आहे. ज्या गावात दिवसातून दोनदा लाइन जाते, तिथे वीज परत आल्यावर आपोआप सुरू न होणारं ग्राइंडर घेणं हा जास्तीचा खर्च नाही. अशी ग्राइंडर मिळतात, दुकानदाराला स्पष्ट विचारा.

ट्रिगरला तार, कापडाची चिंधी किंवा केबल टाय बांधलेली मशीनं येतात. बांधणाऱ्याचं कारणही मला कळतं. दिवसभर काँक्रीट फोडणाऱ्याचं बोट दुखतं. कडक स्प्रिंगचा ट्रिगर दाबून दाबून बोट वाकतं आणि सरळ होताना खट्‌कन अडकतं, या विकाराचं नावच ट्रिगर फिंगर आहे. त्यावर उपाय ट्रिगर बांधणं हा नाही. कडक झालेला ट्रिगर साफ करून घ्या, रुंद ट्रिगरचं मशीन घ्या, आलटून पालटून दोघांनी काम करा. बांधलेलं मशीन मी दुरुस्त करतो, पण तार माझ्याकडे ठेवून घेतो. टेबलाच्या खणात तशा बऱ्याच तारा जमल्या आहेत.

स्विच बदलायचाच ठरला तर जुना काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. नवा घेताना त्यावरचे अँपियर, व्होल्ट आणि पायांची जागा जुन्याशी जुळवा. सहा अँपियरच्या जागी चार अँपियरचा स्विच बसतो, चालतोही, आणि उन्हाळा संपायच्या आत वितळतो. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या मशीनला अर्थिंग नसतं, तिचं संरक्षण दुहेरी आवरणाचं असतं. झाकण लावताना एखादी तार चेपली गेली तर ते संरक्षण संपलं. म्हणून बंद केल्यावर मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा.

दुरुस्ती परवडते का, हा प्रश्न रोज येतो. त्याचं माप मी गांधीजींच्या काळातून घेतो. देवळीहून जेमतेम वीस किलोमीटरवर वर्ध्यात मगन संग्रहालय आहे, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं. त्याआधी, १९२९ साली, गांधीजींच्या चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटींत असं होतं की बाईला आठ तास न थकता चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी, यंत्र वीस वर्षं टिकावं आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत बसावी. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण ती पाच टक्क्यांची अट मी आजही वापरतो. तीन हजारांच्या ग्राइंडरला वर्षाला दीडशे रुपये. त्यात कार्बनची जोडी आणि साफसफाई बसते, साधा स्विचही बऱ्याचदा बसतो. आर्मेचर बसत नाही. बॅटरी मशीनचा बोर्ड तर अजिबात नाही, आणि तोच सुटा मिळत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची उपकरणं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं धरली. फवारणी पंप त्यात येतो असं मी मानतो. ग्राइंडर आणि ड्रिल यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख हवा. सुट्या भागांचे आकडे, नकाशे आणि किमती कंपनीने उघडपणे द्यायला हव्यात. एखाद्या गावातल्या पोराला स्विचचा नंबर शोधायला नागपूरला चक्कर मारावी लागू नये.

मशीन परत देताना मी ते गिऱ्हाइकाच्याच हातात देतो. चालू करायला एकदा सांगतो, सोडायला दहादा. दहाव्या वेळीही ट्रिगर पूर्ण बाहेर आला आणि चकती थांबली, की मगच चिठ्ठी फाडतो. परवा एक टायरवाला हसत म्हणाला, "भाऊ, चालू होते ना जी, मग सोडून काहून पाहून राहिले?" मी त्याला गन पुन्हा हातात धरायला दिली आणि अकराव्यांदा सोडायला लावली.